मुलं बोलतात तसं लिहीत का नाहीत? (तिसरी-चौथी)

बांधावरची
२४ जुलै

नमस्कार. मी माण तालुक्यातल्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. द्विशिक्षकी शाळा, पट २३. त्यातली तिसरी-चौथीची ११ मुलं माझ्याकडे. आठ दिवस एक गोष्ट मनातून जात नाही म्हणून इथे विचारते आहे.

मागच्या सोमवारी खिचडी खाताना चौथीतला एक मुलगा टिटवीबद्दल सांगायला लागला. त्याच्या घरी मेंढरं आहेत, रविवारी तोच वळतो. माळावर खड्यांमध्येच टिटवीची चार अंडी होती, खड्यांसारखीच ठिपक्यांची. त्याचा पाय पडता पडता राहिला. टिटवी ओरडत भलतीकडेच पळत होती, "म्हंजी आपण तिच्या मागं जावं आन् अंड्याकडं बघू नये." मग याने बाभळीच्या फेसाट्या, म्हणजे काटेरी फांद्या, आणून अंड्यांपासून चार हातांवर गोल लावल्या आणि मेंढरं वळसा घालून नेली. संध्याकाळी परत येताना लांबून बघितलं, टिटवी अंड्यांवर बसली होती. पाव तास तरी बोलला असेल. बाकीची मुलं हातातली ताटं तशीच धरून ऐकत होती.

मंगळवारी म्हटलं, हेच वहीत लिही. त्याने लिहिलेलं जसंच्या तसं देते:

"टिटवी हा एक सुंदर पक्षी आहे. ती टिव टिव ओरडते. पक्षी आपले मित्र आहेत. आपण पक्ष्यांचे रक्षण केले पाहिजे."

खडे नाहीत, अंडी नाहीत, फेसाट्या नाहीत. ज्या पोराने खरोखरीच रक्षण केलं, त्याने "रक्षण केले पाहिजे" असं लिहावं, याचं मला फार वाईट वाटलं.

गुरुवारी सगळ्यांना ओढ्यावर घेऊन गेले. तास-दीड तास मुलं नुसती हरखून गेली होती. परत आल्यावर लिहायला सांगितलं तर ११ पैकी ९ वह्यांत "निसर्गरम्य" हा शब्द. आमच्या ओढ्याला या घडीला गुडघाभर पाणी आणि दोन्ही काठांना वेडी बाभळ. हा शब्द निबंधाच्या पुस्तकातून आला हे उघड आहे. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर अशाच वाक्यांखाली मी गेली सहा वर्षं "छान" असा शेरा मारत आलेय.

मला मुलांकडून गोष्ट नको, कविता नको. त्या दोन्ही ती लिहितात आणि बरी लिहितात. मला हवंय ते त्यांनी स्वतः पाहिलेलं, खरं, माहितीचं लिखाण. पाहिलेलं कागदावर उतरवायला कसं शिकवायचं? कोणी केलंय का असं काही?


सातवा_फळा
२४ जुलै

बाई, मी ३१ वर्षं सांगली जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक होतो. तुमचा टिटवीचा मुलगा माझ्या प्रत्येक वर्गात होता आणि पहिली बारा-तेरा वर्षं मी त्याला गमावत राहिलो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'टिटवी' हा विषय दिला की मूल निबंध लिहितं, कारण विषयाचं काय करायचं असतं हे त्याला पाठ आहे. त्याला विषय देऊ नका, प्रश्न द्या. "अंडी कुठं होती?" "तुझ्यापासून किती पावलांवर आल्यावर ती ओरडायला लागली?" "मग तू काय केलंस?" प्रश्नाला उत्तर देताना "निसर्गरम्य" लिहिता येत नाही.

दुसरं, सहल नको. ओढ्यावर मुलं एकदा गेली. एका फेरीत सगळंच दिसतं आणि लिहिण्यासारखं काही हातात राहत नाही. एकच जागा धरा, रोज त्याच वेळी, दहा मिनिटं. आमच्या शाळेच्या पडवीत मुंग्यांचं वारूळ होतं. मुलांनी तिथे रोज पोषण आहारातले तीन दाणे ठेवायचे ठरवलं: एक शिजलेला तांदळाचा, एक मटकीचा, एक शेंगदाण्याचा तुकडा. आधी काय उचलतात आणि किती जणी मिळून. चौथ्या दिवशी एका मुलीने लिहिलं, "आज मुंग्या आल्या नाहीत. पाऊस झाला होता. दाणे तसेच फुगले." त्या तीन वाक्यांत एकही विशेषण नव्हतं. ती वही मी सेवानिवृत्तीच्या दिवशी तिच्याकडून मागून घेतली, अजून माझ्या कपाटात आहे.

तिसरं तुम्हाला जड जाईल. लाल पेन बाजूला ठेवा. तुमचा मुलगा "हिरीवर" म्हणत असेल तर "हिरीवर"च लिहू दे. बोलताना त्याची भाषा चालते आणि लिहिताना चालत नाही असं कळलं की तो पाहिलेलंही घरी ठेवून येतो, कारण पाहिलेलं त्या भाषेतच असतं. मारुती चितमपल्ली आयुष्यभर वनखात्यात राहिले आणि पक्ष्या-प्राण्यांची नावं त्यांनी आदिवासींकडून, पारध्यांकडून, मासेमारांकडून गोळा केली. पुढे त्या नावांचाच कोश झाला. तुमच्या वाडीवर असे किती शब्द पडून असतील! प्रमाण मराठी शिकवायचीच आहे, पण दुसऱ्या खर्ड्यात.

आणि एक चूक माझी झाली ती तुम्ही करू नका. मी एकदा सगळ्यात चांगल्या नोंदीला बक्षीस दिलं आणि ती भिंतीवर लावली. पुढच्या आठवड्यात वर्गातल्या सगळ्या मुंग्या त्या बक्षीसवाल्या मुंगीसारख्या वागायला लागल्या. पुन्हा मुलांना स्वतःच्या डोळ्यांवर आणायला मला दिवाळी उजाडली.


कढीपत्ता_चौथा_मजला
२५ जुलै

मी शिक्षिका नाही, पुण्यात फ्लॅटमध्ये राहणारी आई आहे. आमच्याकडे माळ नाही, ओढा नाही. गॅलरीत कढीपत्त्याची एक कुंडी आहे, त्यावर घडलेलं सांगते.

मुलगा आठ वर्षांचा. गेल्या पावसाळ्यात त्याला पानावर चिमणीच्या विष्ठेसारखं काहीतरी दिसलं. ती अळी होती! लहान असताना त्या तशाच दिसतात म्हणजे पाखरं खायला येत नाहीत, आणि मोठ्या झाल्या की हिरव्या होतात. काडीने हलकं डिवचलं की डोक्यामागून लाल शिंगासारखं काहीतरी बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. राणी पाकोळी हे आपलं राज्य फुलपाखरू आहे, २०१५ पासून. त्याची अळीही लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढते, त्यामुळे हीच ती असणार असं त्याने ठरवून टाकलं होतं. रोज वहीत चित्र आणि दोन ओळी. कोष झाला. मग आम्ही दिवस मोजत बसलो.

अकराव्या दिवशी कोषाला बारीक भोक पडलं आणि आतून फुलपाखरू आलंच नाही. मुंगीपेक्षा लहान, चकचकीत पंखांच्या गांधीलमाश्यांसारखे किडे निघाले. पन्नासाच्या वर असतील. या माश्या कोषात अंडी घालतात आणि त्यांची पिल्लं आतला जीव खाऊन वाढतात.

मला वाटलं हा रडेल. कोष गुपचूप काढून टाकावा, दुसरी अळी शोधून आणावी असंही मनात आलं होतं. बरं झालं मी ते केलं नाही. तो रडला, पण रडून झाल्यावर त्याने सहा पानं लिहिली. त्याआधीच्या पंधरा दिवसांत मिळून इतकं लिहिलं नव्हतं. त्यात एक वाक्य आहे: "मी फुलपाखराची वाट बघत होतो पण कोषात ते दुसऱ्यांचं घर होतं हे मला कळायला ११ दिवस लागले."

एवढंच सांगायचंय की मुलांना छान छान शेवट असलेला निसर्ग निवडून देऊ नका. ठरवल्यापेक्षा वेगळं झालं तेव्हाच माझ्या मुलाला सांगण्यासारखं काहीतरी मिळालं.


पाणथळ
२५ जुलै

बाई, तुमच्या माणात विहिरीवरच्या बाभळींना सुगरणीचे खोपे असतील. नसतील तर मला आश्चर्य वाटेल. सातवा_फळा गुरुजी म्हणतात तशी एकच जागा धरायची असेल तर याहून चांगली जागा नाही, आणि हंगामही आत्ताच चालू आहे.

यामागे एक हकीकत आहे. १९३० साली सालीम अली जर्मनीतून शिकून परत आले तेव्हा त्यांना नोकरी नव्हती. ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. तिथे सुगरणींची वसाहत होती, ती ते महिनोन्‌महिने बघत राहिले. १९३१ साली त्यावरचा त्यांचा लेख बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला आणि पक्षी अभ्यासक म्हणून त्यांचं नाव झालं. खोपा नर बांधतो. अर्धा झाला, म्हणजे उलट्या टोपीसारखा, की मादी येऊन बघते. पसंत पडला तर तो पुरा होतो, खाली नळी लागते, ती आत अंडी घालते. मग नर दुसरा खोपा सुरू करतो आणि दुसऱ्या मादीला बोलावतो. ही सगळी माहिती एका माणसाने एका जागी बसून, रोज बघून काढली. कुठल्या पुस्तकात आधी वाचून नव्हे. मुलांना हे जरूर सांगा, पण आधी नको. दोन आठवडे त्यांचं त्यांना बघू दे. खोप्यांबद्दल आणखी एक गोष्ट आहे, ती मी मुद्दामच इथे लिहीत नाही. मुलांना दिसते का पाहा.

अंडी, पिल्लं किंवा चालू खोपा कोणी हात लावायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हाही आहे. लांबूनच बघायचं, आणि कठडा नसलेली विहीर असेल तर ती जागाच सोडून द्या.

आणि झाडांसाठी 'सीझनवॉच' आहे. एक झाड निवडायचं, दर आठवड्याला पालवी, फुलं, फळं किती ते कळवायचं. देशभरातली माणसं करतात, केरळातल्या शाळांतली मुलं सगळ्यात जास्त. आपण लिहिलेलं कोणाच्या तरी उपयोगाला येतं, हे कळल्यावर मुलं आकडा खोटा लिहीत नाहीत.


दोन_मुलांचा_बाप
२६ जुलै

विरोधासाठी विरोध म्हणून लिहीत नाही. माझी मुलंही जिल्हा परिषदेच्याच शाळेत आहेत. परीक्षेत निबंधाला जे गुण मिळतात ते "निसर्गरम्य"लाच मिळतात. "हिरीवर" लिहिलेल्या पेपराला तपासणारा काय करणार? खेड्यातल्या मुलांना आधीच मागं राहण्याची भीती असते. आम्ही शेतात राबतो ते पोरांनी पुन्हा बाभळीखाली बसावं म्हणून नाही. आणि पावसाळ्यात गवतात फुरसं, घोणस असतं, त्याची जबाबदारी कोणाची?


बांधावरची
२६ जुलै

दादा, तुमची काळजी खरी आहे. सापाचं मी मनावर घेतलंय. बसायची जागा रोज आधी मी काठीने बघणार, गवत नसलेल्या उघड्या जागीच बसणार, आणि मुलांच्या पायात चप्पल नको, बूट हवेत, त्याची सोय करते आहे.

गुणांबद्दल माझ्याकडे आज उत्तर नाही. दिवाळीच्या आधी इथेच येऊन काय झालं ते सांगेन.

गुरुजी, "दुसरा खर्डा" हा शब्द मी भिंतीवर लिहून ठेवलाय. कढीपत्ता ताई, तुमच्या मुलाचं वाक्य वर्गात वाचून दाखवलं. मुलांनी ते पुन्हा वाचायला लावलं.


बांधावरची
१९ सप्टेंबर

सांगितल्याप्रमाणे आले आहे. बरंच लिहायचं आहे.

शाळेपासून पाच मिनिटांवर एकाची विहीर आहे, पक्क्या कठड्याची. बांधावर मोठी बाभळ. आम्ही बांधापासून चाळीस पावलांवर मोकळ्या जागेत चुन्याची रेघ मारली; तिच्यापुढे कोणी जायचं नाही. रोज परिपाठ झाला की पंधरा मिनिटं. ३ ऑगस्टपासून आजपर्यंत आमचे ३१ दिवस झाले. पावसाने आणि सुट्ट्यांनी बाकीचे गेले.

पहिला आठवडा वाईट गेला. "आज सुगरण दिसली. ती सुंदर होती." पाच दिवस हेच. मला वाटलं, जमत नाही. मग गुरुजींचं आठवून मी प्रश्न फळ्यावर लिहायचा सोडून दिला आणि मुलांनाच म्हटलं, उद्या काय बघायचं ते तुम्ही ठरवा. तिसरीतल्या एका मुलीने विचारलं, "ती गवत कुठनं आणती?" आम्ही सगळे त्यामागे लागलो. दोन दिवसांनी सापडलं. शेजारच्या कडवळातून, म्हणजे वैरणीच्या ज्वारीतून! पक्षी पातीच्या कडेला चोचीने खाच पाडतो, ती धरून उडतो, की लांब चिरफळी निघते. त्या दिवशी वर्गात येऊन सगळ्यांनी आधी स्वतः कडवळाची पात फाडून बघितली. दातांनीसुद्धा. आणि मग न सांगता लिहायला बसली.

बारा-तेराव्या दिवशी खरा गोंधळ झाला. आणणारा पिवळ्या टकुऱ्याचा, म्हणजे नर आहे, हे मुलांनी ठरवलं, कारण साध्या चिमणीसारखी दिसणारी नुसती येऊन, आत डोकावून जायची. एकजण म्हणाला, "पण बाई, कवितेत तर खोपा तिनं बांधलाय." बहिणाबाईंची खोप्याची कविता सगळ्यांना पाठ आहे. वर्गात शांतता. "मग कविता चुकली का?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही आणि मी तसं सांगितलं. रात्री विचार केला. दुसऱ्या दिवशी म्हटलं, अंडी उबवते ती मादीच, पिलांना भरवण्याचं बहुतेक काम तिचंच. बहिणाबाईंना त्या खोप्यात आई दिसली आणि त्यांनी आईबद्दल लिहिलं. आपण खोपा कसा होतो त्याबद्दल लिहितोय. दोन्ही वेगळी लिखाणं आहेत, आपल्या वहीत आपण बघितलेलंच यायला हवं. मग त्यांना किहीमच्या सालीम अलींचं सांगितलं. ९५ वर्षांपूर्वी एका माणसाला हेच दिसलं होतं, हे ऐकून मुलांचे चेहरे असे झाले की जणू त्यांचा कोणी जवळचा नातेवाईक सापडला. कवितेवर प्रेम कमी झालेलं नाही. परिपाठात तीच म्हणायचा हट्ट असतो.

पाणथळ सर, तुम्ही न सांगितलेली गोष्ट मुलांनी विसाव्या दिवशी काढली. बाभळ एवढी ऐसपैस आणि खोपे सगळे उगवतीच्या अंगाला! का, यावर दोन दिवस वाद झाला. मग एका मुलाने ओलं बोट वर धरून बघितलं. वारा आणि पाऊस मावळतीकडून येतोय, झाड मध्ये उभं आहे.

आता टिटवीवाल्या मुलाबद्दल. घरी आजीने त्याला सांगितलं होतं की सुगरण खोप्यात चिखल लावून त्यात काजवा चिकटवते, रात्री उजेड पडावा म्हणून. मीही लहानपणी हे ऐकलंय. वादळात मागच्या वर्षीचा एक वाळका, रिकामा खोपा खाली पडला. मी तो उचलून आणला, त्याने चिरून बघितला. त्याची नोंद, पहिला खर्डा, एक अक्षरही न बदलता:

"खोप्यात चिखुल हाय. वाळलेला. माझ्या अंगठ्यायवढं ३ गोळं. काजवा नव्हता. पाय नाय पंख बी नाय. आजी म्हणती आसतो. पण ह्यो एकच खोपा हाय आन् जुना हाय. काजवा आसल तर मेल्यावर पडून बी गेला आसल. आजून खोपं बघाय पायजेत. चिखुल कशाला ते म्हाईत नाय."

मी ही वही घेऊन स्टाफरूममध्ये, म्हणजे ऑफिसातल्या कपाटामागे, दोन मिनिटं उभी राहिले.

दादा, तुमच्या प्रश्नाचं: आम्ही दर शनिवारी एक नोंद दुसऱ्या खर्ड्यात नेतो. तिथे "हिरीवर"चं "विहिरीवर" होतं, परिच्छेद पडतात, विरामचिन्हं येतात. मुलांना ते आता ओझं वाटत नाही, कारण सांगायचं काय ते आधीच हातात असतं. घटक चाचणीत "पावसाळा" हा निबंध आला होता. त्या मुलाने बारा ओळी लिहिल्या. पहिल्या पावसानंतर त्यांच्या वाड्यावरची मेंढरं कोणत्या क्रमाने उठून उभी राहतात, यावर. पेपर केंद्रातल्या दुसऱ्या शाळेतल्या सरांनी तपासला. १० पैकी ८ आले. एका पेपरावरून काही सिद्ध होत नाही, पण तुम्हाला सांगावंसं वाटलं.

त्याची आई परवा शाळेत आली होती. मला वाटलं तक्रार असेल. तिने नोंदवही मागितली, तिला वाचता येत नाही म्हणून त्यालाच वाचायला लावली, आणि शेवटी म्हणाली, "काजव्याचं माझ्या सासूला वाचून दाखिव."

एक अडलंय. सात नंबरच्या फांदीवरच्या नराने मंगळवारी स्वतःचाच अर्धा खोपा उसवून टाकला. वर्गात दोन तट पडलेत. निम्मे म्हणतात मादीला आवडला नाही, निम्मे म्हणतात गवत वाळलं म्हणून. मुलांचा निरोप आहे: उत्तर सांगू नका, कसं बघायचं तेवढं सांगा.


पाणथळ
१९ सप्टेंबर

उत्तर सांगत नाही. झाडाचं एक मोठं चित्र काढा, प्रत्येक खोप्याला क्रमांक द्या. रोज प्रत्येकापुढे तीन गोष्टी: रंग हिरवा, पिवळा की तपकिरी, मादी आत डोकावली का, किती वेळा, आणि खोपा आहे, वाढला की उसवला. हंगाम उतरणीला लागलाय, तेव्हा उद्यापासूनच सुरू करा. पंधरा दिवसांनी उसवलेले खोपे एका बाजूला, राहिलेले दुसऱ्या बाजूला मांडून बघा.


बांधावरची
२० सप्टेंबर

चित्र झालं. १४ खोपे, ९ अर्धे. आठ नंबर आजही हिरवा आहे आणि मादी दोनदा येऊन गेली.